पेशंट पालथाच असतो

मी गाडीला इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो लावून आणला, तेव्हा पुंडलिकनगरच्या आमच्या मिस्तरीनं कपाळाला हात लावला. "हवा दुप्पट अन् पेट्रोल तेवढंच? पाव्हणे वाढले अन् वरण तेवढंच, मग मांडवात राडा होणारच ना, सर!" मग त्यानं पेट्रोलचा मोठा पंप बसवला.

त्याचा मीटरवर विश्वास नाही. पंप मागच्या सीटखाली असतो, म्हणून चाचणीला मी गाडी चालवतो आणि तो मागं सीटवर पालथा पडतो, गादीला कान लावतो आणि डोळे मिटतो. काही विचारलं की खेकसतो, "गप ऱ्हावा, पंप बोलायलाय."

एकदा क्रांती चौकात सिग्नलला थांबलो, तेव्हा हवालदारानं गाडीत डोकावून पाहिलं आणि पालथा माणूस बघून तो घाबरलाच. शिट्टी फुंकून त्यानं सगळी वाहतूक अडवली. "पेशंट हाय, पळवा लवकर!" मोकळा रस्ता बघून मी पळवली. मागून तृप्त आवाज आला, "लई गोड चाललाय."

काल चाचणी दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या गाडीची होती. तरी चालवायला त्यानं मलाच बोलावलं. मी सुखावलो. म्हटलं, माझा हात आवडला वाटतं.

"हाताचं काय नाय, सर," तो पालथा पडत म्हणाला. "तुमचं तोंड पेशंटच्या नातेवाइकासारखं हाय."