उस्तादानं बसवलेल्या मक्ख्या

बंदुकीच्या गोष्टींचं एक असते राजेहो, कोणी एक सांगितली की बसलेल्या प्रत्येकाला आपली आठवते, अन् चहा थंड होते. माह्याजवळ तर पोतंभर आहेत. आदिलाबादेत माह्यं सायकलचं दुकान अन् उस्तादाचा बंदुकीचा कारखाना, मधात एकच भिंत होती.

उस्ताद आपलाच मराठी माणूस. निजामी फौजेत बंदुका दुरुस्त करायचा. पोलीस ॲक्शन झाली, फौज मोडली, अन् उस्ताद घरी बसला. फौजेतून निघालेल्या जुन्या रायफली तेव्हा लायसनवाल्या लोकांच्या हाती आल्या होत्या. पण त्या लढाईसाठी केलेल्या! दीडशे हातांवरच्या रानडुकरावर नेम धरला की गोळी त्याच्या पाठीवरून जायची. म्हणून नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंटा, म्हणजे मक्खी, ती काढून उस्ताद नवी उंच मक्खी बसवून द्यायचा. त्याच्यावरच त्याचं घर चालायचं.

मग राज्यांची फेररचना झाली, आदिलाबाद आंध्रात गेलं अन् हुकूम आला, नवे साहेब काम तपासतील, पटलं तरच परवाना. उस्ताद मले म्हणे, "एकदा फौज गेली. आता हेही गेलं तर या वयात काय पंक्चर काढू?"

"माह्या धंद्यात नको येऊ बाप्पा!" मी म्हटलं. पण त्याची झोप उडाली होती, हे मले दिसत होतं.

*

मुधोळकडच्या एका देशमुखाचं वावर अगदी नव्या हद्दीवर. त्याच्या रायफलीवरची लांबच्या नेमाची आकडेवाली पट्टी उस्तादानं काढून टाकली. देशमुख भडकला.

"दोन हजार यार्डांपर्यंत आकडे होते, काऊन काढले?"

"देशमुख, तुमच्या वावरातून दोन हजार यार्डांवर आता मुंबई राज्य लागते. तिकडच्या डुकराले तिकडचं लायसन लागन!"

देशमुखानं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "हजार तरी राहू द्या!"

*

नेरडीगोंड्याच्या एका शेतकऱ्याले संध्याकाळी मक्खी दिसायची नाही. त्यानं पांढरा मोती आणून दिला, उस्तादानं तो मक्खीवर बसवला. झकास दिसायला लागला. आठ दिवसांनी त्याची बायको कारखान्यात!

"माह्या नथीचा मोती बंदुकीवर काऊन?"

नवरा मागून म्हणे, "नथ तू वर्षातून दोनदा घालतं, डुक्कर रोज येते!"

"मंग डुकरालेच घाला नथ!" म्हणाली अन् मोती उपटून घेऊन गेली. उस्तादानं मुकाट्यानं टोकाले चुना लावून दिला.

*

कचेरीतला नवा कारकून भलता कायद्याचा माणूस. लायसनवर जुन्या मक्खीचं वर्णन, बंदुकीवर नवी. म्हणे, "कागदावरची मक्खी हजर करा!"

तेव्हापासून लोक जुनी मक्खी दोऱ्यानं बंदुकीच्या गळ्यात बांधून न्यायला लागले. कचेरीत दोन बंदुका उघड्या गळ्याच्या दिसल्या, तर कारकुनानं परत पाठवल्या!

*

उटनूरच्या एका दुकानदारानं हट्टानं रायफलीवर दुर्बीण बसवून घेतली. महिन्यानं उस्तादानं विचारलं, "किती डुकरं झाली?"

"कोणती डुकरं? समोरच्या दुकानात गिऱ्हाईक किती येते ते पाहून राह्यलो!"

*

आता पाटलाची ऐका. हा पाटील घोडा दाबताना हात उजवीकडं झटकायचा. उस्तादानं ते पाहिलं अन् त्याची मक्खी गोळी तेवढीच डावीकडं जाईन अशी सरकवून, वाकडी बसवली. पाटलाले सांगितलं नाही. गिऱ्हाइकाची खोड गिऱ्हाइकाले सांगायची नाही, हा त्याचा कायदा. पाटलाचा नेम बसायला लागला, अन् तो चार गावांत सांगत सुटला, "नेम जन्मजात असावा लागते!"

साहेब तपासणीले आले त्या दिवशी कारखान्यात तयार रायफल एकच होती, पाटलाची, तेलपाण्याले आलेली. पाटीलही ती न्यायले आलेला. साहेब तेलुगू मुलखातले, पण नांदेडाकडं नोकरी झाल्यानं मराठी चांगलं बोलायचे. नेमबाजीत बक्षीस मिळवलेले, म्हणे.

तळ्याच्या बांधाले टेकवून डबा ठेवला. साहेबांनी तीन गोळ्या मारल्या. तिन्ही वेळा डब्याच्या डावीकडं धूळ उडाली!

"हे तुमचं काम? अन् परवाना मागता?"

उस्तादानं खरं सांगितलं असतं तर परवाना वाचला असता, पण पाटील तिथंच उभा होता. उस्ताद खाली वाकून पुंगळ्या वेचायला लागला. मले त्याचा असा राग आला!

"आणा इकडं, साहेब," पाटील पुढं झाला. ठो! डबा उडाला. पुन्हा ठेवला, पुन्हा उडाला.

जमलेले लोक हसले. साहेबांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "म्हणजे दोष माझ्या हातात आहे?"

हो म्हटलं तर परवाना जाते, नाही म्हटलं तर पाटलाची अब्रू जाते. उस्तादानं रायफल घेतली, फडक्यानं पुसली.

"नाही साहेब. तुमचा हात एकदम सरळ आहे. बंदूक जुन्या राज्यातली आहे. सरळ हाताची सवय नाही तिले."

साहेबांनी आधी वाकड्या मक्खीकडं पाह्यलं, नंतर पाटलाकडं. मग हसले अन् सहीसाठी पेन काढला.

तेवढ्यात पाटलानं साहेबांच्या जवळ जाऊन समजूत घातली, "मलेही सुरुवातीले जडच गेलं, साहेब!"