चंद्रप्पाचा मोबाईल-त्याग

चंद्रप्पाला निर्णय घेताना गावात कुणी पाहिलेलं नाही. तो नेम घेतो. थोरल्या भावानं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण उकरलं, तेव्हा सगळी भावकी "चंद्रप्पा, तू बोल" म्हणून अडून बसली; चंद्रप्पानं चार महिने दही सोडलं. तंबाखू मोडून ऊस लावायचा की नाही यावरून घरात वाद पेटला, तेव्हा त्यानं मौन धरलं. ऊस शेवटी त्याच्या बायकोनं, त्रिशलानं लावला. कांदा-लसूण आणि बटाटा घरात आधीपासूनच वर्ज्य, त्यामुळं बिचाऱ्याला सोडायला दरवेळी काहीतरी नवं शोधावं लागे. बस्ती गल्लीतल्या, म्हणजे जैन मंदिराच्या गल्लीतल्या, बायका म्हणतात, लग्न वडिलांनी ठरवलं म्हणून झालं, नाहीतर हा गडी मुलगी बघायला जाऊन चहा सोडून परत आला असता.

म्हणून यंदा चातुर्मासात, निपाणीजवळच्या त्यांच्या गावात मुनी महाराजांचा मुक्काम असताना, चंद्रप्पानं मोबाईल सोडला याचं कुणाला नवल वाटलं नाही. महाराजांनी प्रवचनात सहज विचारलं, आठ दिवस मोबाईलला हात न लावण्याचा नेम कोण घेईल? तरणी पोरं जमिनीकडं बघायला लागली. चंद्रप्पा उठला, हात जोडून म्हणाला, "आठ दिवस मी मोबाईलला हात लावणार न्हाय, आणि माझा मोबाईल दुसऱ्या कुणाला लावू बी देणार न्हाय."

आता नीट ऐका. त्यातलं पहिलं अर्धं महाराजांनी मागितलं होतं. दुसरं अर्धं त्याच्या पदरचं. घरी येऊन त्यानं मोबाईल बंद केला, लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेच्या कडदोऱ्याला बांधली. कडदोऱ्याला! तिथून कोण काढून घेणार, सांगा.

पदरचं अर्धं कशासाठी होतं ते त्रिशलानं पहिल्याच दिवशी ओळखलं. त्यांची एकुलती एक रूपाली बारावी सायन्स झाली होती. सीईटीच्या पहिल्या फेरीत तिला धारवाडची शेतकी मिळाली, जी तिला हवीच होती. पण ऑप्शनच्या यादीत धारवाड चौथं. वरची तिन्ही कॉलेजं बेंगळूरची, कम्प्युटरची. ती भरायला लावली होती मामानं, म्हणजे त्रिशलाच्या भावानं, गोमटेशनं. बेंगळूरहून फोनवर, "आधी हे टाक, मग ते टाक" करत. पहिल्या फेरीनंतर सरकार विचारतं: मिळालं ते कायमचं घेता, की हातात धरून वरच्याची वाट बघता? मामा म्हणाला, वाट बघा. चंद्रप्पा म्हणाला, मामा म्हणतोय तर बघूया.

मेख इथं होती. दुसऱ्या फेरीत वरच्या तिघांतलं एक जरी लागलं, की धारवाड आपोआप जाणार. मग डोकं आपटलं तरी परत नाही. क्लासचे सर तर सांगून गेले होते, यंदा तिसरं कॉलेज लागायला हरकत नाही. ते टळायचं तर वरची तिन्ही नावं खोडायची. त्याची मुदत आज दुपारी चारला संपत होती, आणि खोडायला जो ओटीपी लागतो, तो ज्या नंबरावर येणार तो चंद्रप्पाचा मोबाईल कपाटात तप करत बसला होता.

"अवो, किल्ली द्या," त्रिशला म्हणाली. जेवणाची ताटं अजून उचललेली नव्हती.

चंद्रप्पा भिंतीला टेकून माळ ओढत होता. "नेम हाय माझा."

"तुमचा नेम आठ दिवसांचा. पोरीचं चार वर्सांचं हाय."

"महाराजांना विचारून येतो."

"महाराज सामायिकाच्या ध्यानाला बसल्यात. तोवर हिकडं वेळ टळून जाईल. तुम्हास्नी म्हाईत न्हाय व्हय?"

माहीत होतं. म्हणून तर म्हणाला होता.

खरी गोष्ट अशी की त्याला भीती ओटीपीची नव्हती, मेव्हण्याची होती. गोमटेश मनानं मोठा माणूस. चंद्रप्पाच्या पोटाच्या ऑपरेशनला बेंगळूरहून धावत आला होता, दवाखान्यात उशाशी बसला होता. आता पोरीसाठी घरातली एक खोली रंगवून घेतली होती. अशा माणसाला 'नको' कोणत्या तोंडानं म्हणायचं? आणि परवा उसाच्या बांधावर रूपाली म्हणाली होती, "आप्पा, मामाला तुमीच सांगा. तुमी सांगितलं तर ऐकंल." दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रप्पानं मोबाईल सोडला.

"ह्यो नेम न्हवं," त्रिशला ताटं आदळत म्हणाली. "पळून जायचं दार हाय. बस्तीचं नाव घेऊन दडून बसलाय तुमी."

चंद्रप्पाची माळ थांबली. मग जरा जास्तच वेगानं पुन्हा सुरू झाली.

रूपाली मघापासून लॅपटॉप उघडून बसली होती. पडद्यावर चार नावं. तिनं एकदा घड्याळाकडं बघितलं, मग बापाकडं, आणि हळूच लॅपटॉप मिटला.

"ऱ्हाऊ दे आई. आप्पांच्या मागं नगंस लागू. मी सोडलं धारवाड."

"म्हंजे?"

"म्हंजे सोडलं. जे लागंल ते लागंल."

ती रडत नव्हती, आवाजही चढलेला नव्हता. कुणाचं भांडण नको म्हणून शहाण्या माणसानं बाजूला व्हावं, तसं बोलली. चंद्रप्पानं मान वर केली. हा आवाज त्याला पाठ होता. दही सोडताना तो हुबेहूब असाच बोलला होता, आणि सगळे म्हणाले होते, काय गुणाचा माणूस! त्या चार महिन्यांत पाण्याची पाळी थोरल्याकडं गेली ती गेलीच. अठराव्या वर्षी पोरगी आपली गादी चालवायला निघाली होती.

तो उठला आणि कडदोऱ्याशी झटापट करू लागला. गाठ स्वतःच मारलेली, तरी सुटेना. घामानं बोटं निसटत होती.

"त्रिशला, कात्री!"

"धोतर सांभाळा," म्हणत तिनं कात्री आणली आणि किल्लीचा दोरा कापला.

त्यानं कपाट उघडून मोबाईल काढला. महाराजांसमोर दिलेला शब्द मोडत होता, आणि ते त्याला कळत होतं. मोबाईल सुरू झाला. रूपालीनं लॅपटॉप उघडून बटण दाबलं. तिघंही त्या काचेकडं बघत उभी. ओटीपी येईना. चंद्रप्पा अंगणात गेला, कट्ट्यावर चढला, मोबाईल वर धरला. काही नाही. रूपालीनं परत बटण दाबलं.

आणि मोबाईल वाजला. गोमटेश.

"उचलू नगा," त्रिशला दारातून म्हणाली. "माझा भाऊ हाय, मी बघते मागनं. आधी ओटीपी येऊ दे."

न उचलणं सोपं होतं. आयुष्यभर तेच केलं होतं. त्यानं उचलला.

"दाजी! नेम सुटला व्हय? मी सारखा लावतोय. ऐका, यादीला हात लावू नका. तिसरं कॉलेज लागतंय, मी चौकशी केलीया."

"पाव्हणं," चंद्रप्पा म्हणाला. "ती तिन्ही काढतोय आम्ही."

"कोण म्हणलं?"

सवयीनं त्याची मान दाराकडं वळली. पोरगी म्हणतीया, असं सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"मी म्हणतोय."

"डोकं फिरलंय का दाजी? शेतकी शिकून काय तुमचाच ऊस मोजत बसणार व्हय ती? हिकडं मी खोली रंगवून बसलोय!"

"तुमचे लई उपकार हाईत. ते मी इसरणार न्हाय. पण पोरगी धारवाडला जाणार."

पलीकडं फोन आपटल्यासारखा बंद झाला. चंद्रप्पानं मोबाईल पुन्हा वर धरला. तेवढ्यात हातातला मोबाईल थरथरला.

"आला! आला गं!"

तो आकडे मोठ्यानं वाचू लागला, घाबरून मधला एक गाळला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. आत रूपालीची बोटं चालली. एक नाव गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला पडदा गोल गोल फिरत राहिला आणि त्रिशलानं डोळे मिटून णमोकार मंत्र सुरू केला. मग तेही गेलं. धारवाड एकटं उरलं.

चंद्रप्पानं टोपी घातली. नेम मोडल्याचं महाराजांना सांगून प्रायश्चित्त घ्यायला हवं होतं.

"जाताय तर जा," त्रिशला म्हणाली, "पण तिथं जाऊन नवीन काय सोडून येऊ नगा!"

गल्लीच्या मध्यावर खिशातला मोबाईल पुन्हा वाजला. ओट्यावर शेंगा निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले, हे वेगळं सांगायला नको. चंद्रप्पा तिथंच उभा राहून बराच वेळ बोलला. मेव्हणा काय म्हणाला ते काही कळलं नाही. चंद्रप्पा मात्र दोनदा "न्हाय" म्हणाला, आणि तेवढं अगदी शेवटच्या ओट्यापर्यंत ऐकू गेलं.