डब्यातल्या चार चाव्या

आमच्या बाजूच्या समुद्राला लाटा येतात त्या फक्त वादळी हवेत. एरवी आठ महिने उरणचा किनारा ताटात वाढून ठेवलेल्या वरणासारखा निपचित असतो, आणि रंगही साधारण तोच. सर्फिंग म्हटलं की लोकांना निळं पाणी आणि ऊन आठवतं. आम्हाला गढूळ पाणी, आडवा पाऊस आणि केसांत अडकलेली प्लास्टिकची पिशवी आठवते. ऑफिसात मी एकदा सांगून बघितलं, तर एकीने विचारलं, "पनवेलहून सर्फिंग? खाडीत?" त्यानंतर कोणाला सांगायच्या भानगडीत पडले नाही.

आम्ही चौघं होतो. काका, मास्तर, रिक्षावाले भाऊ आणि मी. काका उरणकडच्या गावातले, मिठागरवाल्यांच्या घरातले. मिठागरं गेली, आता ते स्वतःची पिकअप चालवतात. वय साठीला टेकलंय, एक खांदा दुखरा आहे, पण पाण्यात त्यांच्या तोडीचं आमच्यात कोणी नाही. भरती केव्हा हे ते मोबाइलवर बघत नाहीत. कॅलेंडरवरची तिथी बघतात, बोटं मोजतात आणि सांगतात, "साडेधाला चढंल पानी." आणि चढतं. मास्तर नेऱ्याचे, शाळेत खेळ शिकवतात आणि रविवारीही गळ्यातली शिट्टी काढत नाहीत. नेऱ्याच्या एका फार्महाऊसवाल्याने हौसेने चार बोर्ड आणले होते. वर्षभरात त्याची हौस फिटली आणि मास्तरांनी ते मागून घेतले. बोर्ड चारच, म्हणून आम्हीही चारच.

मी पनवेलजवळ विचुंब्याला राहते. मूळची पुण्याची, नोकरी करणारी, चाळिशी उलटलेली. चार वर्षांपूर्वी पनवेल स्टँडवरून एका रिक्षात बसले, तर टपावर हे लांबलचक काहीतरी दोरीने बांधलेलं. "हे काय आहे?" असं विचारलं, एवढीच माझी चूक. रिक्षा भाऊंची होती आणि भाऊ बोलायला लागले की माणूस उतरायचं ठिकाण विसरतो. पुढच्याच्या पुढच्या रविवारी मी पाण्यात होते आणि नाकातोंडात वाळू घेऊन बाहेर आले. काका म्हणाले, "बरा हाय. वरडली नाय." तेव्हापासून मी त्यांची 'बाय', भाऊंची 'मॅडम' आणि मास्तरांची 'ताई'.

आमच्यात एक स्टीलचा डबा आहे. खरं तर तो मास्तरांचा पोळ्यांचा डबा. सुरुवातीला चाव्या वाळूत हरवू नयेत म्हणून त्यात ठेवायचो. पावसाळ्यात बंद असलेल्या एका भेळवाल्याच्या ओट्याखाली तो डबा, टॉवेल आणि काकांचा चहाचा थर्मास, असा आमचा संसार असायचा. पुढे हळूहळू त्या डब्याचा नियमच होऊन बसला. पाण्यात जाताना आपली चावी डब्यात टाकायची. बाहेर आलं की आधी चावी काढायची, मग टॉवेल. डब्यात चावी आहे म्हणजे माणूस पाण्यात आहे. पावसात समोरचं दहा हातांवर दिसत नाही, माणसं मोजता येत नाहीत, चाव्या मोजता येतात. काका या बाबतीत फार कडक. भाऊ एकदा आधी टॉवेलला हात घालायला गेले, तर काकांनी त्यांना सगळ्यांसमोर असं झापलं की भाऊ परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. हे भाऊंच्या बाबतीत अभूतपूर्व होतं.

माझी चावी आधी फक्त स्कूटरची असायची. घराची मला कधी लागलीच नाही. बेल वाजवली की आई दार उघडायची. वडील गेल्यावर तिला पुण्याहून आणलं होतं, बारा वर्षं आम्ही दोघीच. समुद्र तिला अजिबात मान्य नव्हता, पण अडवायची नाही. एवढंच म्हणायची, "बाहेर आलीस की एक फोन कर. एक फोन करायला काय होतं तुला?" मी विसरायचे. मग तिचेच फोन यायचे, एकामागून एक, आणि मी चारचौघांत तिच्यावर वैतागायचे.

कार्तिकात आई गेली. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. सगळं रीतसर पार पडलं. नातेवाईक आले, रडले, गेले. मी रडले नाही. आवंढा वगैरे गिळला म्हणावा, तर गिळायला काही आलंच नाही. ऑफिस, भाजी, दूध, सोसायटीची मीटिंग, सगळं मी नीट करत होते. दाताला भूल दिल्यावर गाल कसा आपलाच असून आपला वाटत नाही, तशी मी होते, फक्त भूल उतरत नव्हती. किल्ल्यांच्या कडीत घराची चावी आली, एवढाच फरक. एक मावशी म्हणाली, "पोरीचं काळीज दगडाचं आहे." मला तेही खरं वाटलं. ही भुलीची भानगड आहे की आपण मुळातच अशा आहोत, हे कळायचं राहिलं होतं आणि मला त्याची आतून थोडी भीती वाटायला हवी होती. तीही वाटत नव्हती.

आषाढातली पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. किनाऱ्यावरच्या होड्या कधीच वर ओढून झाकून ठेवलेल्या. वारा असा, की पिकअपचं दार उघडायला दोघं लागले. काकांनी बराच वेळ पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अर्धा तास. जास्त नाय." चार चाव्या डब्यात पडल्या.

दोन लाटा मला मिळाल्या. तिसरीने मला उलटवलं, आणि वर आले तेव्हा पाण्याची ओढ मला बाजूला घेऊन निघाली होती. ओढीशी भांडायचं नाही, बोर्ड धरून तिच्याबरोबर जायचं आणि सैल पडली की किनाऱ्याकडे वळायचं, हे काकांनी शिकवलं होतं. मी तसंच केलं. घाबरले नाही. शांतपणे, बँकेत रांगेत उभं राहावं तशी वाहत गेले आणि खडकांच्या पलीकडे किलोमीटरभरावर बाहेर आले. ही बहादुरी नव्हती, हे आज सांगते.

खडक ओलांडून वाळूतून परत जाता येत नव्हतं, पाणी चढलेलं. म्हणून सुरूच्या झाडांतून वर रस्त्यावर गेले. तिथे एसटीचा थांबा होता, पत्रा असलेला. बोर्ड भिंतीला टेकवला आणि बसले. रस्त्याने परत जायला वीस मिनिटं लागली असती. मी बसूनच राहिले. समोर पाऊस, पलीकडे भाताची खाचरं, बाकाखाली एक कुत्रा. बरं वाटत नव्हतं, वाईट वाटत नव्हतं. तासभर तरी गेला असेल. मग भूक लागली, घरी जावंसं वाटलं, आणि घरी जायचं तर चावी हवी. म्हणून उठले. चावीसाठी, दुसऱ्या कशासाठी नाही.

ओट्यापाशी कोणी नव्हतं. डबा उघडला तर चार चाव्या. मला आधी रागच आला. अर्धा तास म्हणाले आणि अजून पाण्यात? मग टॉवेल दिसले. तिघांचे टॉवेल ओले, पिळून टांगलेले. थर्मास उघडा. त्याच्या झाकणात ओतलेल्या चहात पाऊस पडून तो भरून वाहत होता. म्हणजे ते तिघंही बाहेर आले होते. अंग पुसलं होतं, चहा ओतला होता, आणि मग कोणीतरी डब्यात बघितलं असणार. आत एकच चावी, माझी. ते माझ्यासाठी परत पाण्यात गेले होते, आणि इतक्या घाईतही तिघांनी आपापली चावी नियमाप्रमाणे पुन्हा डब्यात टाकली होती.

मी माझी चावी उचलली. हातात धरून किनाऱ्याकडे धावले आणि ओरडले. वाऱ्याने ते तिथल्या तिथे खाल्लं.

आधी मास्तर दिसले, कमरेएवढ्या पाण्यात. मला बघून ते थबकले, मग वळून शिट्टी वाजवायला लागले. वाजवतच राहिले. शिट्टीच्या अंदाजाने भाऊ आले. मला बघितलं आणि मटकन बसले. "मॅडम, खुदा के वास्ते!" एवढंच म्हणाले. दोघांनी आपापली चावी काढली. डब्यात एक उरली, काकांची. ती पुढची वीस मिनिटं तशीच होती. मास्तर शिट्टी वाजवत होते, त्यांचे ओठ निळे पडले होते. जर काका आले नाहीत तर ते माझ्यामुळे असेल, हे वाक्य माझ्या डोक्यात स्वच्छ लिहिल्यासारखं होतं. त्या वाक्याबरोबर जे यायला हवं ते येत नव्हतं.

काका आले, रांगत. दुखरा खांदा धरलेला. मी समोर उभी होते, पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ ओट्याकडे गेले, डब्यात वाकून बघितलं, बोटाने आतली आपली एकटी चावी हलवली. मग वाळूत बसले आणि तोंड झाकून रडले. साठीचा माणूस, हुंदके देऊन.

"बाय, तुजी चावी होती ना गो आत," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"मी बाहेर आले होते, काका. तिकडे थांब्यावर बसले होते."

"किती येल?"

"तासभर."

"आन आमी हितं पान्यात. का बसलीस?"

खोटं बोलता आलं असतं. पाय मुरगळला म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "माझी कोणी वाट बघत असेल, असं डोक्यातच आलं नाही."

भाऊ उठून टॉवेल गोळा करायला लागले. निघताना पिकअपचं दार लावता लावता काकांनी निकाल दिला, "नारळी पुनवेपरत तू पान्यात नाय जायाचं. डबा धरून बसायचं. कलंल तुला."

शिक्षा म्हणून ती मला हास्यास्पद वाटली. तरी गेले. पहिल्या रविवारी छत्री उलटी होण्यातच सकाळ गेली, आणि मी तिघांवरही मनातून चिडलेली होते. दुसऱ्या रविवारी लक्षात आलं, की मी दर दोन मिनिटांनी डबा उघडून बघतेय. चाव्या कुठे जाणार होत्या? तरी बघत होते. पाण्यात तीन डोकी दिसली की बसायचे, दोन दिसली की उभी राहायचे. कित्येक महिन्यांनी मला कशाचं तरी काही वाटत होतं आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

तिसऱ्या रविवारी श्रावण लागला होता, पण हवा वादळीच होती. मास्तर आले, चावी काढली. भाऊ आले, चावी काढली. काका आले नाहीत. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. पिकअपची ती एकच चावी, काळा दोरा बांधलेली, मी डब्यातून काढून मुठीत धरली. हे नियमाच्या बाहेर होतं, पण डब्यात तिला एकटी बघवेना. भाऊ काहीतरी पुटपुटत दुवा मागत होते. मास्तरांनी शिट्टी तोंडात धरली. मी घाबरले होते. अगदी साधी भीती.

आणि खडकांच्या बाजूने काका चालत आले. बोर्ड काखेत, बाजारातून यावं तसे. ओढीने पलीकडे नेलं होतं, एवढंच.

मी धावत गेले आणि त्यांच्या अंगावर ओरडले, "किती वाजले बघा! जीव टांगणीला लागतो इथे माणसाचा! एक फोन करायला काय होतं तुम्हाला?"

काका थांबले. त्यांनी आपल्या निथळत्या हाफपँटकडे बघितलं, मग समुद्राकडे. "फोन?" ते म्हणाले. "पान्यातून करू का गो?"

आधी भाऊ हसले, मग मास्तर. मीही हसायला लागले, आणि मध्येच मला ते वाक्य ऐकू आलं. आवाज माझा होता, वाक्य तिचं होतं. माझ्या समुद्राच्या प्रत्येक रविवारी तिने विचुंब्याच्या घरात हेच केलं होतं, डबासुद्धा हाताशी नसताना. मी तिथेच, भर पावसात, भोकाड पसरलं. लहान मुलीसारखी "आई, आई" म्हणत रडले. नऊ महिन्यांनी, तेही तीन ओल्या माणसांसमोर.

बराच वेळ कोणी जवळ आलं नाही. मग काकांनी चावीसाठी हात पुढे केला. मला मूठ उघडता येईना. "असू दे," ते म्हणाले, आणि हात तसाच पुढे ठेवून पावसात उभे राहिले.