सकाळी सात, उपाशीपोटी

आमच्या सेंटरवर रक्ताचे नमुने फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं टिकतात. किश्श्यांची तशी सोय नाही. ते डब्याच्या सुट्टीपर्यंतही टिकत नाहीत, कुणीतरी सांगून टाकतंच! म्हणून थोडे इथे भरून ठेवते. नावं बदलली आहेत.

आमचं काम असं, की धडधाकट पुणेकरांना बोलवायचं, रक्त घ्यायचं, खाणं-झोप-काळज्या विचारायच्या आणि काही वर्षांनी पुन्हा तेच. कुणाला डायबेटिस होतो, कुणाला होत नाही आणि का, हे त्यातून कळतं. मोबदला म्हणजे चहा आणि उपमा! पण माणसं दुसऱ्यांदा आलीच नाहीत, तर पहिल्या वेळचे सगळे कष्ट पाण्यात. त्यांना फोन करून आधी बोलवायचं आणि मग परत आणायचं काम माझ्याकडे. म्हणजे जी बाई मुलीला पाळणाघरात सोडल्यावरही गेटपाशी उगाच घुटमळत राहते, तिच्याकडे!

*

पहिलाच फोन कसबा पेठेतल्या एका आजोबांना. मी घोकलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं.

"यात माझा फायदा काय?"

खोटं बोलवेना. "तुमचा काहीच नाही, आजोबा. झाला तर नातवंडांचा."

"ठीक. फायदा आहे म्हणाला असतात तर फोन ठेवणार होतो. किती वाजता येऊ?"

*

एका काकांना विचारलं, "झोपेत घोरता का?"

"अजिबात नाही!"

शेजारी बसलेल्या काकू मान वर न करता म्हणाल्या, "त्यांना विचारून काय उपयोग? ते तेव्हा झोपलेले असतात."

आमच्या डॉक्टर मॅडमनी हे मीटिंगमध्ये सांगितलं. आता तो प्रश्न आम्ही घरच्यांना विचारतो!

*

हिंजवडीचा एक आयटीवाला. संमतीपत्राची ओळन् ओळ वाचली. डेटा कुठे ठेवणार? नाव कोण बघणार? खोदून खोदून विचारलं, मग सही केली. घरी पोहोचायच्या आत त्याचं स्टेटस: दंडावरच्या पट्टीचा फोटो, वजन, बीपी आणि खाली 'फीलिंग प्राउड'!

आमच्याकडे मात्र ते सगळं अजून कुलपात आहे.

*

एकदा मी कोपऱ्यात जाऊन पाळणाघरात फोन केला. मुलीने जेवण केलं का, किती केलं, शी झाली का, कशी झाली, शिंकली का... वळले तर रक्त द्यायला आलेल्या एक काकू ऐकत उभ्या.

"तिलाही घेतलंय वाटतं अभ्यासात?" त्या म्हणाल्या. "संमती घेतली होती का तिची?"

*

खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले कांबळे काका दुसऱ्या फेरीला आले ते शेजारच्या क्वार्टर्समधली चार माणसं घेऊनच. मी हरखून आभार मानायला लागले.

"आभार कसले, मॅडम? आयुष्यभर दारूगोळा तपासला. लॉटमधले थोडे काढून तपासायचे, बाकीच्यांच्या भरवशासाठी. आता आमचा लॉट आलाय!"

त्या दिवशी घरी जाताना स्कूटरवर माझी मान जरा ताठच होती. मग हेल्मेट सेंटरवरच राहिल्याचं लक्षात आलं.

*

आणि साठे काका. पहिल्या फेरीत "पुढच्या वेळीही हजर!" म्हणून गेलेले. या वेळी मात्र फोन वाजत राहायचा, कुणी उचलायचं नाही. मेसेज केला, तारीख-वेळ कळवली. उत्तर नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार, मी पहिल्या वेळी नीट बोलले नसेन, हे मी मनाशी पक्कं केलं.

फेरीच्या शेवटच्या दिवशी, सकाळी सातला, साठे काकू आल्या. एकट्याच. हातात कापडी पिशवी, तिच्यात हॉस्पिटलची फाईल.

"काका?"

"वैशाखात गेले."

मी उठले, पाणी आणलं. "काकू, अशा वेळी तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"त्रास कसला? माणसाला काय झालं, कशाने गेला, हे लागतं ना तुमच्या अभ्यासाला? बसा. मी सांगते, तुम्ही लिहा."

मी बसले. समोर स्क्रीनवर काकांच्या नावापुढे 'आले नाहीत' असं होतं. काकूंनी चष्मा लावला, वाकून ते वाचलं.

"आधी ते खोडा," त्या म्हणाल्या. "'वारले' लिहा. न कळवता गैरहजर राहणारे नव्हते ते."