तेलाचा काटा आणि दत्तूचं कांबळं

उत्तरेला एका बर्फाळ खिंडीखाली आमची ट्रान्सपोर्ट प्लाटून होती. मी हवालदार, गाव उमापूर. जीपचा ड्रायव्हर शिपाई दत्तू, कडा गावचा. दोघंही बीडचे, म्हणून एकट्यात तो मला दादा म्हणायचा आणि चारचौघांत हवालदार साहेब.

तिथल्या थंडीत इंजिन ऑइल काकवीसारखं घट्ट व्हायचं. ते तापल्याशिवाय गाडीवर जोर द्यायचा नाही, असा हुकूम होता. म्हणून गार वारा अडवायला ड्रायव्हर लोक इंजिनासमोरच्या जाळीवर पोतं बांधत. दत्तू स्वतःचं कांबळं बांधायचा. मी ओरडायचो, "अबे, मग तू काय पांघरशील?"

"दादा, आधी म्हातारीला ऊब. ती हाय तर आपुन हाय."

म्हातारी म्हणजे जीप. लई जुनी होती बिचारी.

एका सकाळी बर्फावरून ट्रक घसरला आणि माझा पाय त्याखाली सापडला. रक्त थांबेना. सुभेदार साहेबांनी रेडिओवर फील्ड हॉस्पिटलला कळवलं, "एक कॅज्युअल्टी. सीरियस. जीप निकल रही है. ओव्हर." मला मागं आडवं टाकलं, साहेब शेजारी बसले आणि दत्तूनं गाडी काढली. गडबडीत कांबळं जाळीवरच राहिलं.

खिंडीचा चढ लागला. ऊनही चढलं. तेल किती तापलं ते दाखवणारा काटा लाल पट्ट्यात शिरला तशी दत्तूनं गाडी थांबवली.

"रुका क्यों? हवालदार मर जाएगा!"

"साहब, तेल पतला हो गया. इंजन जाम हुआ तो कंधे पे ले जाना पड़ेगा."

त्यानं गाडीचं तोंड वाऱ्याकडं केलं, बॉनेट उघडलं. इंजिन चालूच ठेवलं. बंद केलं की तेल फिरायचं थांबतं आणि उष्णता आतच कोंडते. मग जाळीवरचं कांबळं सोडून आणलं आणि माझ्यावर टाकलं. मी कुडकुडत होतो, आणि ते तव्यावरच्या भाकरीसारखं गरम! देवाशप्पथ सांगतो, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण जगतो.

"दादा, डोळे मिटू नका. काटा उतरला की निघूच."

काटा उतरला. हॉस्पिटल गाठलं. जीव वाचला, पायही. साहेब माझ्याजवळ थांबले. दत्तूला परत जायचं होतं. मी कांबळं काढू लागलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, उद्या नेतो." वाटेत खिंडीत बर्फ कोसळलं. जीप सापडली, दत्तूही सापडला, थंडीनं गोठून गेलेला.

आता माझ्याकडं जुनी जीप आहे. मांजरसुंब्याचा घाट चढला की वर थांबतो, इंजिन चालू ठेवून. गावातली माणसं चिडवतात, "आबा, उगंच कशाला गाडी गुरगुरत ठेवता?" मी म्हणतो, "गप बसा बे, तेल निवू द्या." ही शिकवण दत्तूची. तिच्यावर आजवर सुखरूप चाललोय.

चालता येऊ लागल्यावर पहिला कड्याला गेलो होतो. दत्तूच्या आईनं एकच विचारलं, "लेकराच्या अंगावर पांघरूण व्हतं का?"

खोटं बोलवेना. "न्हाई माय. ते माझ्यावर होतं."

माउली पुढं सरकली. मग माझ्या पायावरून हात फिरवत म्हणाली, "बरं केलं माझ्या लेकरानं. बस बाबा, जेवून जा."