तेराव्या खणाचा कौल

दुसरबीडच्या चावडीसमोर तानुबाईचं चहाचं दुकान होतं. चार बल्ल्या, वर पत्रा, एक चूल, एक बाकडं. जालन्याची गाडी थांबली की उतारू तिथे टेकत, आणि दोन गोष्टी लक्षात ठेवून जात: चहातलं झणझणीत आलं, आणि बाईच्या कपाळावरचं कुंकू. बंद्या रुपयाएवढं.

या कुंकवाचा धनी पुंजाजी. मोताळ्याच्या बाजारातून बैलजोडी घेऊन येतो म्हणून गेला, तो गेलाच. धाकटा दीर कारभारी तीन महिने मलकापूरपासून जालन्यापर्यंत वणवण फिरला. पायातली वहाणसुद्धा सापडली नाही. तेव्हा तानुबाई वीस वर्षांची होती. ती माहेरी साखरखेर्ड्याला गेली नाही, दुसरा घरोबा केला नाही. चूल मांडली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. हळदीकुंकवाच्या दिवशी बायका तिच्या दाराशी घुटमळत आणि न बोलावताच पुढे जात. सवाष्ण म्हणावं की काय म्हणावं, कुणालाच ठरवता येत नव्हतं.

चावडीवरच्या ग्रामपंचायतीच्या रेडिओचा भोंगा नेमका तिच्या पत्र्यावर रोखलेला होता. त्यावर पूर्वी 'तेरावा खण' नावाची श्रुतिका लागायची. एक मोजणीदार घराचे खण, म्हणजे खांबाखांबांमधल्या जागा, मोजायला जातो. बाहेरून मोजतो, बारा खण. आतून मोजतो, तेरा. तेराव्या खणात शिरतो आणि बाहेर येत नाही. बायको दाराशी उभी राहून हाका मारते. आतून नुसती मोजणीच्या साखळीची खळखळ. एवढ्यावर श्रुतिका बंद पडली. गावाने महिनाभर शिव्या घातल्या आणि विषय सोडला. तानुबाईने सोडला नाही.

सहा वर्षांनी, अडुसष्ट साली, ती श्रुतिका पुन्हा सुरू झाली. पुढची कथा, दर गुरुवारी, बारा भागांत. आणि त्याच आठवड्यात कारभारी दुकानात आला. चहा घेतला नाही, उभाच राहिला.

"वहिनी, बारा वर्सं भरली. शास्तर काय म्हन्ते तुमाले ठाव हाय."

तिला ठाऊक होतं. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा पळसाच्या तीनशे साठ पानांचा देह करायचा, नारळाचं डोकं लावायचं आणि अग्नी द्यायचा. मग बायकोने कुंकू पुसायचं.

"माह्या पोरीची सोयरीक जमून नाई राह्यली," कारभारी म्हणाला. "पावने इचारतात, तुमच्या घरातला मोठा जिता हाय का मेला? काय सांगू?"

तानुबाईने चुलीत लाकूड सारलं. "बारा गुरुवार थांबा, भाऊजी. खणातला मानूस बाहेर आला तं इषय सोडाचा. नाई आला तं जाळा."

कारभारी तसाच माघारी गेला. कोणी खंडोबापुढे कौल लावतं, कोणी भगताला विचारतं. या बाईने भोंग्याला कौल लावला होता.

बातमी लपली नाही. दर गुरुवारी संध्याकाळी चावडीपुढे बैलगाड्या सुटू लागल्या. पण श्रुतिका पहिल्यापेक्षाही अजब झाली होती. एका भागात पंधरा मिनिटं नुसतं कुणीतरी धान्य पाखडत होतं. एका भागात मोजणीदाराच्या मेलेल्या आईने त्याला घराच्या खणांचा आकडा विचारला आणि तो म्हणाला, "काल चौदा होते." लोक चक्रावून जात आणि दुसऱ्या दिवशी चहावर तुटून पडत.

"खण म्हणजे मन आहे," नीळकंठ गुरुजी सांगत. "मोजणीदार भ्रमिष्ट झाला आहे. बस्स."

"गुरुजी, तुमी पोरायले शिकवा," रुखमाबाई म्हणे. ती पलीकडे भाजी विकायची. "तो पयल्याच भागात मेला. आता बोलते थे भूत."

रेडिओ लावणारा पंचायतीचा शिपाई सहदेव म्हणजे स्वतःच कथा लिहिणारा असल्यासारखा वागे. "भूत नाई अन् मन नाई. खनाले मागून दार असन. सुरतेले दुसरं बिऱ्हाड करून बसला गडी मजेत!"

लोक हसले. मग एकेकाचं हसू जागीच थिजलं, कारण तानुबाई कप विसळायची थांबली होती. मोजणीदाराविषयी आता कुणीच बोलत नव्हतं, हे त्या क्षणी सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"चहा घे, सहदेव," ती म्हणाली. "थंडा होईन."

बाराव्या गुरुवारी बसायला जागा उरली नाही. कारभारी एकाही भागाला आला नव्हता. आज चावडीच्या कोपऱ्याआड उभा होता. भोंग्यातून पावलं ऐकू आली. मोजणीदाराची बायको त्या घरात शिरली. एकेक खण मोजत गेली. बारा झाले. तिने तेराव्याचं दार ठोठावलं.

आतून मोजणीदाराचा आवाज आला. थकलेला, अगदी जवळून.

"बाई, आत तर तुम्ही आहात. मी बाहेर उभा आहे. बारा वर्षं झाली ठोठावतोय. दार उघडा."

साखळी खळकन पडली. मग काहीच नाही. थोड्या वेळाने बाजारभाव सुरू झाले.

मग एकदम कालवा उठला. "सहदेव, काऊन बंद केलं बे?" "म्या नाई केलं! आईची आन!" सहदेवने रेडिओच्या पेटीवर दोन थापा मारल्या, सरकीचा भाव तेवढा मोठ्याने ऐकू आला. नीळकंठ गुरुजी चष्मा हातात धरून तसेच बसले होते. कुणी म्हणालं आला, कुणी म्हणालं नाही आला. तानुबाईने चुलीवर पाणी ओतलं आणि ती घरी गेली.

सकाळी कारभारीने दार उघडलं तर अंगणात ती उभी. डोक्यावर पळसाच्या पानांचा भारा, काखेत नारळ.

"तीनशे साठ पानं हायेत," ती म्हणाली. "भटजीले सांगावा धाडा."

तीन महिन्यांपूर्वी हीच गोष्ट मागायला आलेला माणूस भिंतीला टेकला.

"वहिनी, थांबा. म्या आयकलं काल. तो आला हाय. दाराशी उभा हाय म्हन्ला. उभ्या मानसाले कसं जाळाचं?"

बारा गुरुवारांत तानुबाईने एकदाही आपलं मत सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

"उभा हाय म्हनूनच, भाऊजी. बारा वर्सं उभा हाय. म्या आतून धरून ठेवलं दार. त्याले जाऊ द्या."

अग्नी द्यायला नदीकाठी बायका जात नाहीत. ती गेली, अडवण्याची कुणाची छाती झाली नाही. पानांचा माणूस लाकडांवर निजवला तेव्हा तो फार लहान दिसला. भटजी मंत्र म्हणता म्हणता अडखळले. कारभारीने पेटता पलिता पुढे केला आणि पानांपाशी नेऊन पुन्हा मागे घेतला.

तानुबाईने त्याचं मनगट धरलं आणि पलिता खाली टेकवला.