शामकलाच्या वाट्यातले सारस

माही जाऊ शामकला जिद्दी, म्हणजे किती जिद्दी, ते सांगते. पहिली निवडणूक झाली त्या सालची गोष्ट. वैशाखात तिचा नवरा, म्हणजे माहे भासरे, वारले. आमच्या ढिवरांच्या तलावात घरागणिक शिंगाड्याचा एक वाटा, चारी कोपऱ्यांवर बांबू रोवलेला. दसऱ्याले प्रत्येक वाट्यातली पहिली टोपली तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, देवीपुढे ठेवायची. ज्याची टोपली भरली नाही, त्याचा वाटा दुसऱ्याले. पंच म्हणाले, "बाईच्यानं होत नाही." ही म्हणाली, "दसऱ्याले पाहा."

आषाढात वेल लावले, उलट्या मडक्यांच्या तराफ्यावर बसून रोज गवत काढलं. अन् भादव्यात का व्हावं? सारसाच्या जोडीनं वाट्याच्या मधोमध घर मांडलं! हिचेच वेल उपटून ढीग रचला, वर दोन अंडी. कोणी जवळ गेलं की नर पंख पसरून धावे. अर्धा वाटा गेला की बाप्पा!

माहे मालक बिसराम म्हणाले, "वैनी, घरटं काढून फेक."

"जोडी तोडू? मी?" एवढंच बोलली अन् रडली. मलेही रडू आलं.

पण आमचे मालक मोठे शहाणे! शिंगाड्याचा वेल एका जागचा उपटून दुसरीकडे लावला तर जगते, मग घरटं काऊन नाही जगणार? गेले डोंगा वल्हवत, घरटं उचलून पाळीजवळ लावायले. सारसानं पाठीत चोच घातली. डोंगा उलटा, हे कमरेएवढ्या पाण्यात, अन् धोतर तरंगून राहिलं वेगळंच! मी पाळीवर हसून हसून खाली बसली. अंडी मात्र शाबूत.

आश्विनात पाणकोंबड्यांचे थवे उतरले. साऱ्यांच्या वाट्यातले कोवळे शिंगाडे फोडून खाल्ले. शामकलाच्या वाट्यात पाय ठेवायची एकीचीही हिंमत झाली नाही. सारस हाकलून लावे. दसऱ्याच्या चार दिवस आधी पिल्लं निघाली अन् जोडी त्यांना घेऊन धानाच्या बांधीत गेली. मग शामकला शिंगाडे तोडायले वाट्यात उतरली.

दसऱ्याले तिची टोपली शिगोशीग. बाकीच्यांच्या कशाबशा भरल्या. आमची अर्धी. पंच दुलीचंद काही बोलायच्या आत तिनं आपले शिंगाडे ओंजळीओंजळीनं आमच्या टोपलीत टाकले. वरचा ढीग उतरला, तरी तिची काठोकाठच. "भरल्या दोन्ही," म्हणाली. मालकांनी मान खाली घातली. दोन्ही वाटे राहिले.

आता दरसाल भादव्यात मालकच रोज पाळीवर जातात. सारस उतरले की घराकडे ओरडत येतात, "वैनी, तुहे माणसं आले!"